म्यानाच्या दोन कड्या

नागपूरच्या संग्रहालयात हर्षाच्या हाताखालून शेकडो तलवारी गेल्या होत्या. कोणाच्या माळ्यावर सापडलेल्या, कोणाला वाटणीत आलेल्या, विहिरीचा गाळ काढताना वर आलेल्या. मूठ पाहायची, पातं पाहायचं, म्यान पाहायचं आणि ही कुठली, केव्हाची ते सांगायचं, हेच तिचं काम. पण जिच्यापायी ती या कामाला लागली ती घरची तलवार तिनं चाळिशी आली तरी एकदाही हातात धरली नव्हती.

धरू देत नसत. झाडे घराण्याच्या तलवारीला बाईचा हात लागत नसे. वर्षभर ती लाल कापडात गुंडाळलेली देवघराच्या कोपऱ्यात उभी असायची. दसऱ्याला नानाजी, म्हणजे हर्षाचे वडील, ती वाजतगाजत मूळ गावी, येळाखेडला, न्यायचे. नोकरीनंतर त्यांनी वर्ध्याजवळ पिपरी मेघेत घर बांधलं होतं, पण शेती आणि मान दोन्ही येळाखेडलाच. मारुतीच्या पारावर तलवारीची पूजा व्हायची. कापड मुठीपुरतं सुटायचं, पातं चार बोटं बाहेर यायचं, त्याला तेल-शेंदूर लागायचा, आणि मग नानाजी गोष्ट सांगायचे. झाड्यांचे मूळपुरुष कवडूजी पानिपतावर गेले. अब्दालीच्या एका सरदाराला त्यांनी घोड्यावरून खाली ओढलं, त्याचीच तलवार हिसकली आणि ती घेऊन पायी घरी परतले. नानाजी शाळामास्तर होते, सांगायची हातोटी होती. लहानगी हर्षा पहिल्या रांगेत बसायची आणि तिला कवडूजींच्या पायांचे फोडसुद्धा दिसायचे.

यंदा गावानं कमान बांधायला घेतली होती. 'वीर कवडूजी झाडे प्रवेशद्वार.' खांब उभे झाले होते, वरची पाटी कोरायची राहिली होती. तिच्यावर तलवारीविषयी चार ओळी हव्या होत्या. पित्तरपाठ, म्हणजे पितृपंधरवडा, लागला त्याच आठवड्यात नानाजींनी लेकीला बोलावून घेतलं.

"तू यातली जाणकार," ते म्हणाले. "तुह्या हातची तारीख पाहिजे पाटीवर. मंग कोणी तोंड वर करून बोलणार नाई."

"बाबा, मले हात लावा लागंल तिले."

"लाव. मीच म्हणून राह्यलो नं."

तिची आई शोभाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पदराला हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

हर्षानं जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, हातमोजे चढवले आणि लाल कापड सोडायला घेतलं. कापडाखाली कापड होतं. जुनं विटलं की त्याच्यावरच नवं गुंडाळत आले होते. शेवटचा पदर निघाला आणि म्यान पहिल्यांदा उघडं पडलं.

पाहताक्षणी तिला कळलं. पण तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

लाकडी म्यान, वरून काळं चामडं, मागच्या बाजूनं शिवलेलं. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण तोंडाशी पोलादी टोपण होतं, त्याखाली अंतर राखून दोन पोलादी पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला एकेक सुटी कडी. खाली टोकाला पोलादाचाच चपटा खूर, म्यान जमिनीला घासलं तरी झिजू नये म्हणून. दोन कड्यांत पट्टे अडकवून म्यान कमरेला लोंबतं सोडायचं ही इंग्रजी घोडदळाची रीत. इंग्रजांशी दोन लढाया झाल्यावर काबूलच्या अमिरानं आपली फौज त्यांच्या धर्तीवर बांधायला घेतली आणि तिथल्या कारागिरांचे हातही त्या वळणावर गेले. असली म्यानं हर्षानं पुष्कळ पाहिली होती. पानिपतानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी घडलेली.

"का दिसते?" नानाजी वाकून पाहत होते.

"तलवार अफगाणीच आहे बाबा." तिनं मूठ दाखवली. आडव्या गजाची दोन्ही टोकं खाली वळलेली, वरचं बोंड वाटीसारखं. "याले पुलवार म्हणतात."

नानाजींचा चेहरा उजळला. त्यांनी शोभाबाईकडे पाहिलं. "मी सांगत नव्हतो?"

"पण म्यान मागाहूनचं आहे. इंग्रजाच्या वक्ताचं."

नानाजी हसले. "म्यान बदललं असंल. बाईनं लुगडं बदललं म्हणून बाई बदलते का?"

हर्षालाही हसू आलं. बोलणं खोटं नव्हतं. हेच ती स्वतः लोकांना सांगायची, म्यान कुजतं, तलवार टिकते, म्हणून एकट्या म्यानावरून तलवारीचं वय काढू नये. खरं-खोटं पात्यानं करायचं. आणि मुठीलगतच्या पात्यावर इतक्या दसऱ्यांचा तेल-शेंदूर थरावर थर बसून त्याचा दगड झाला होता.

"हे काढा लागंल बाबा."

"पूजेचं आहे ते," शोभाबाई दारातून म्हणाली.

"काढू दे तिले," नानाजी म्हणाले. "कवडूजीले शेंदराची गरज नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कापसाचे बोळे आणि बांबूची काडी घेऊन बसली. शेंदूर पापुद्र्या-पापुद्र्यानं निघत होता, वरचा केशरी, आतला विटकरी, त्याच्या आतला काळा. नानाजी समोर खुर्ची टाकून बसले होते. मधूनच ते सांगत, हा थर माह्या वक्ताचा असंल, हा माह्या बापाच्या. दुपारी पात्याच्या पाठीशी, मुठीच्या अगदी जवळ, अंगठ्याच्या नखाएवढी एक आकृती वर आली. घुमट, दोन बाजूंना दोन मनोरे, खाली आकडे.

नानाजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "मशीद आहे का ते?"

"हो. काबूलच्या सरकारी कारखान्याचा शिक्का आहे."

"नि खाली?"

"तेराशे बारा. हिजरी सन." हर्षाला वाटलं इथंच थांबावं. पण ते वाट पाहत होते. "आपल्या हिशेबानं अठराशे चौऱ्याण्णव-पंच्याण्णव."

नानाजींनी उभा जन्म पोरांना गणित शिकवलं होतं. वजाबाकी करायला त्यांना वेळ लागला नाही.

"शिक्का मागून मारला असंल," ते म्हणाले, पण आवाजातला जोर गेला होता.

"नाई बाबा. पात्याले पाणी पाजून कडक करायच्या आधीच मारतात तो."

ते उठले, अंगणात गेले, फाटकाला हात टेकून उभे राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या कोणी तरी "रामराम गुरुजी" म्हटलं, त्यांनी हात वर केला. हर्षानं आयुष्यात किती तरी घरांना असं सांगितलं होतं. शिवकालीन समजून आणलेली तलवार गेल्या पिढीत लोहारानं केलेली निघायची, माणसं चिडायची, दुसऱ्या जाणकाराकडे जायची. ती ते मनाला लावून घेत नसे. आज तिला वाटत होतं, आपण शेंदूर काढायलाच नको होता.

नानाजी परत आत आले तेव्हा चिडलेले नव्हते. त्यांनी विचारलं, "मंग आपल्या घरी आली कोठून?"

"ते पातं सांगत नाई बाबा."

"मनकर्णा आत्या सांगंल," शोभाबाई म्हणाली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "सासरे गोष्ट सांगत तवा आत्याजी उठून जात. मी नवी होती घरात, मले वाटे, बुढीले कंटाळा येत असंल."

मनकर्णाबाई नानाजींची आत्या. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू, कानांनी तल्लख. जवळच नालवाडीला नातवाकडे राहायची. तिघं गेली तेव्हा ती खाटेवर बसून शेंगा फोडत होती. नानाजींनी पाय धरले आणि आडपडदा न ठेवता विचारलं.

"आत्याजी, तलवार कोठून आली?"

"पानिपतातून. तुहा बाप सांगे नं."

"तुही माय का सांगे?"

म्हातारीचे हात थांबले. तिनं विचारलं, खोलीत आणखी कोण आहे. हर्षा आहे, शोभा आहे, म्हटल्यावर तिनं सूप बाजूला सरकवलं.

"मानमोडीच्या, त्या मोठ्या साथीच्या सालची गोष्ट. मी जन्मली नव्हती. माय, आनंदाबाई, नव्या लगनाची होती. एक पठाण ये गावात, हिंग विकाले. दर हिवाळ्यात ये. माय त्याले खानबाबा म्हणे. त्या साली आला नि तापानं पडला. घरोघर मुडदे निघून राह्यले होते, त्याले कोण पाहाते? आपल्या ढोरायच्या कोठ्यात येऊन पडला. माह्या बापानं, रामाजीनं, मायले बजावलं, जवळ जायचं नाई. माय चोरून जाये. पाण्याचा गडवा सरकवे नि मागं होये."

"तलवार त्याची?" हर्षानं विचारलं.

"गाठोड्यात गुंडाळून होती. तिकडं शिपाई होता म्हणे अगुदर. मरायच्या आधी मायले म्हणे, बेटी, मेरे लोग आएँगे, उनको देना. मंग मेला. बापानं नि गड्यानं नाल्याच्या काठी पुरला. तलवार धान्याच्या पेवात टाकली. इंग्रजाचं राज, घरात तलवार सापडली तं बेड्या."

"नि त्याचे लोक?"

मनकर्णाबाईनं पदरातली टरफलं झटकली. "आले नं," ती म्हणाली. "दुसऱ्या हिवाळ्यात दोघं आले. एक बुढा, एक जवान पोट्टा. पोट्टा त्याचाच असंल, माय म्हणे, नाक-डोये तसेच. घरोघर विचारत आले. आपल्या दारात बाप होता. बाप म्हणे, त्या साली कोणी हिंगवाला आलाच नाई गावात."

"काऊन?" नानाजींनी विचारलं.

"भेव. परदेशी माणूस आपल्या कोठ्यात मेला, न सांगता पुरला, वरून तलवार घरात. पोलीस म्हणतील, लुटला नि मारला. माय दाराआड होती. बापानं तिच्याकडं पाह्यलं नि माय गप राह्यली. बुढ्यानं पाणी मागतलं. मायनं नेऊन देल्लं. पेले नि चालले गेले. मरेस्तोवर माय म्हणे, मी पाणी देल्लं व मनकर्णा, पण सांगतलं नाई."

शोभाबाईनं डोळ्याला पदर लावला.

"मंग राज बदललं," म्हातारी पुढं म्हणाली. "दादानं, तुह्या बापानं, पेवातून तलवार काढली. लोक विचारे कोणाची, तं त्यानं पानिपत सांगतलं. सांगता सांगता त्याले बी खरं वाटू लागलं. सदाशिवरावभाऊच्या लढाईची गोष्ट, कोण खोटी म्हणते? मले म्हणे, तू बोलशीन तं बापाले चोर म्हणतील." तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "नि मंग कोणी विचारलंच नाई रे बापू."

घरी आल्यावर नानाजींनी तलवार देवघरात ठेवली नाही, टेबलावरच पांढऱ्या चादरीत राहू दिली. सर्वपित्रीच्या दिवशी शोभाबाई पानं मांडत होती, तेव्हा ते म्हणाले, "एक पान आणखी मांडजो."

"कोणाचं?"

"त्याचं."

शोभाबाई चपापली. "मुसलमान माणूस. त्याले आपलं पित्तराचं पान कसं पोचंल?"

"पान नाई पोचलं तं पाणी ठेव," नानाजी म्हणाले. "त्याले तहान तं लागंल."

तिनं पानही मांडलं आणि पाण्याचा गडवाही ठेवला. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा नानाजी अडले. नावच नव्हतं. त्यांनी नुसतं "खानबाबा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते हर्षाला घेऊन येळाखेडला गेले. नाल्याच्या काठी जागा शोधायची होती. दगड असेल, उंचवटा असेल, काही तरी असेल. पण नाला त्यांच्या आठवणीतला राहिला नव्हता. दोन्ही काठ सरळ कापलेले, उतारावर बोडखी माती आणि तिच्यात उगवलेलं गाजरगवत. त्यांना पाहून मुकेश आला. नानाजींच्या चुलतभावाचा मुलगा, कमान समितीचं सगळं तोच पाहत होता.

"इथं का पाहून राह्यले मोठेबाबा?"

नानाजींनी त्याला सगळं सांगितलं. तिथंच, उन्हात उभं राहून. मुकेशनं मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाला, "इथं तं खोलीकरण झालं. पोकलेननं सारी माती काढली, ट्रॅक्टरनं बांधाबांधावर नेऊन टाकली."

नानाजी उताराकडे पाहत राहिले.

"मोठेबाबा, एक म्हणू?" मुकेश हळू आवाजात म्हणाला. "हे आपल्यातच राहू द्या. गावातले पोट्टे पहिल्यांदा एका कामाले लागले. कवडूजीच्या नावानं लागले. त्यायले सांगू का, का आपले कवडूजी कोठीच गेले नव्हते? नि आपण पठाणाची ठेव दाबून त्याच्या पोराले दारातून वापस लावलं?"

"सांगा तं लागंल."

"कायले?"

नानाजींनी पायानं गाजरगवत बाजूला केलं. मग ते म्हणाले, "मी हे पोरायले शिकवलं आहे मुकेश. खरं म्हणून शिकवलं."

हर्षा त्या दिवशी नागपूरला परतली. बसमध्ये तिला वाटत होतं, बाबा चार दिवसांत शांत होतील, पाटीवर 'प्राचीन अफगाणी तलवार' एवढंच लिहिता येईल, तेवढं खोटं ठरणार नाही. दसऱ्याला ती येळाखेडला पोचली तेव्हा पारासमोर मांडव पडला होता. खुर्च्या भरल्या होत्या. नानाजी धुतलेल्या धोतरात, मांडीवर पांढऱ्या चादरीतली तलवार घेऊन बसले होते. त्यांचं नाव पुकारलं. ते माइकसमोर उभे राहिले आणि वर्गात सांगावं तसं, घाई न करता सांगत गेले. शिक्का, सन, म्यानाच्या कड्या, हिंगवाला, ताप, नाल्याचा काठ. आजोबा खोटं बोलले ते त्यांनी आजोबांचं नाव घेऊन सांगितलं.

"कवडूजी पानिपतावर गेले का नाई, मले माहीत नाई," ते म्हणाले. "ही तलवार तं नाई गेली. ही आपल्याकडं कोणी तरी ठेवाले देल्ली होती. ज्याले द्यायची तो आला होता, आपण देल्ली नाई. पाटीवर लिहाचं असंल तं हे लिहा."

मागं एक लहान पोर रडत होतं, त्याची आई त्याला घेऊन उठली. मुकेशनं पुढं होऊन नानाजींच्या हातातला माइक अलगद काढून घेतला. "मोठेबाबाची तब्येत आजकाल ठीक राहत नाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, माया होती, आणि त्यामुळंच ते सगळ्यांना पटलं. "आपण त्यायले आराम करू देऊ." त्यानं खूण केली आणि बँड वाजायला लागला.

सोनं द्यायला लोक आले. पाया पडले. आपट्याची पानं हातात ठेवली आणि नजर न मिळवता पुढं गेले. नानाजींच्या बरोबरीचे एक म्हातारे तेवढे थांबले. म्हणाले, "नानाजी, एवढं वय झाल्यावर कायले गा?" आणि तेही गेले.

दिवाळीच्या आत कमानीवर पाटी बसली. पानिपत, कवडूजी, अब्दालीचा सरदार, सगळं तिच्यावर होतं. समितीनं दसऱ्यासाठी नवी तलवार आणली, मखमली म्यानाची. कोणी नानाजींना वाईट बोललं नाही. फक्त फोन येईनासे झाले. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत पारितोषिकं द्यायला बोलावणं आलं नाही. गावातून कोणी वर्ध्याला आलं तरी पिपरीकडे वळेना. शोभाबाईला त्याचा त्रास व्हायचा. नानाजी म्हणायचे, "त्यायचं चुकत नाई. त्यायले मीच शिकवलं."

एका सकाळी ते तलवार घेऊन एकटेच एसटीनं नागपूरला आले आणि संग्रहालयात हर्षाच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली. "तुह्याकडं राहू दे. माह्या घरी ठेवायचा मले हक नाई," ते म्हणाले. हर्षानं रीतसर ती दाखल करून घेतली. काचेआडच्या चिठ्ठीवर हिंगवाल्याची हकिकत लिहावी म्हणून ती वरिष्ठांशी पुष्कळ बोलली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, ऐकीव गोष्ट लिहिता येत नाही, उद्या कोणी पुरावा मागेल. त्यांच्या जागी ती असती तर तीही हेच म्हणाली असती. चिठ्ठीवर लिहिलं गेलं: पुलवार, काबूल, हिजरी १३१२. म्यानावर इंग्रजी घोडदळाच्या पद्धतीचा प्रभाव.

थंडी वाढली तसा नानाजींचा खोकला वाढला. सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. छातीत पाणी झालं होतं. हर्षानं रजा टाकली. दुपारच्या वेळी ते खिडकीकडे तोंड करून पडायचे, आणि एकदा ती संत्रं सोलत असताना त्यांनी विचारलं, "तो पोट्टा घरी वापस गेला असंल, त्यानं मायले का सांगतलं असंल?"

हर्षाला कळलं कोणता पोरगा. "सापडले नाई, असं सांगतलं असंल."

"म्हणजे मेला असं नाई सांगतलं."

"त्याले माहीतच नव्हतं बाबा."

"मंग ते माय वाट पाह्यत राह्यली असंल." त्यांनी डोळे मिटले. "आपला रामाजी एवढंच म्हणाला असता, का मेला बाबा तो, इथं पुरला. तलवार नसती देल्ली तरी चाललं असतं. रडून मोकळी झाली असती."

हर्षानं फोड त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी खाल्ली नाही, नुसती धरून ठेवली. काही तरी धीराचं बोलावं असं तिला वाटलं, पण जे जे सुचलं ते खोटं होतं, आणि या माणसाला आता खोटं द्यायचं नव्हतं. तिनं पुढचं संत्रं सोलायला घेतलं.

माघात नानाजी गेले.

अंत्ययात्रेला सारं गाव लोटलं. मुकेशनं खांदा दिला, रडला. तेराव्यानंतर पारावर शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला. गुरुजींनी हातावर छड्या मारल्या म्हणून माणूस झालो, असं कोणी सांगितलं. कोणाची फी त्यांनी भरली होती. ते सगळं खरं होतं. शेवटी मुकेश उठला. "मोठेबाबायनं जन्मभर कवडूजीची तलवार जपली," तो म्हणाला. "पानिपताचा वारसा आपल्यापर्यंत आणला. शेवटी आजारात काही बोलून गेले असतील, ते आपण मनात धरायचं नाई." लोकांनी माना हलवल्या.

हर्षा उठणार तोच शेजारी बसलेली शोभाबाई उठली. सभा चालू असताना विधवा बाई उठून चालायला लागली तेव्हा मुकेश थांबला. शोभाबाई कोणाकडे न पाहता मांडवातून बाहेर पडली आणि नाल्याकडे निघाली. हर्षा मागोमाग गेली. काठावर मायलेकी बराच वेळ उभ्या राहिल्या. नाल्यात पाणी थोडंच होतं, हिरवं.

"मले वाटलं होतं, थोडे तं लोक ऐकतील," शोभाबाई म्हणाली.

"मलेही वाटलं होतं."

"तुह्या बाबाले पण वाटलं होतं. मले म्हणाले नाई कधी, पण दसऱ्याच्या रात्री जेवले नाई." तिनं पदर सारखा केला. "चाल. लोक भेटाले थांबले असतील."

थांबले होते. बायका एकेक पुढं येत होत्या, शोभाबाईचे हात हातात घेत होत्या. कोणी तरी म्हणालं, मोठं घराणं तुमचं, पानिपताची तलवार घरात होती. शोभाबाई म्हणाली, "नाई व माय. ते एका पठाणाची होती. हे सांगून गेले नं." बाईनं तिच्याकडे पाहिलं, तिचा हात थोपटला आणि पुढं सरकली. दुसरी आली, तिलाही शोभाबाईनं तेच सांगितलं. तिसरीलाही. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं समजून प्रत्येक जण मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. हर्षा आईच्या बाजूला उभी राहिली, आणि जी जी बाई पुढं जाई तिला म्हणत राहिली, "आई खरं सांगून राह्यली, काकू."